भुंगेऱ्याची जाती आणि माणसाची जात

‘जाती’ हा शब्द आपल्या भाषेत दोन ठिकाणी भेटतो. जीवशास्त्राच्या पाठ्यपुस्तकात तो प्राण्यांच्या वर्गीकरणातील एक पायरी दाखवितो. समाजात मात्र तो माणसाचे स्थान जन्मापूर्वीच ठरवून टाकतो. शब्द एकच असल्यामुळे विद्यार्थ्यांच्या, आणि पुष्कळदा सुशिक्षित पालकांच्याही मनात असा समज नकळत रुजतो की, जशा प्राण्यांत जाती तशा त्या माणसांतही निसर्गतःच असणार. हा समज दूर करावयाचा तर निसर्गातील जाती कशी ओळखतात, हे आधी नीट पाहिले पाहिजे. त्यासाठी प्रस्तुत लेखात आम्ही उंच पर्वतावर राहणाऱ्या भूचर भुंगेऱ्याचे उदाहरण घेतले आहे.

भूचर भुंगेरे आपणांस अगदीच अपरिचित नाहीत. नृसिंहवाडीच्या संगमाकाठी कृष्णा-पंचगंगेने आणून टाकलेल्या गाळात किंवा उसाच्या पाचटाखाली जे काळे, चकचकीत किडे उजेड पडताच भराभर पळत सुटतात, त्यांत हे भुंगेरे असतात. त्यांतील बहुतेक रात्री शिकार करतात आणि अळ्या व लहान किडे खाऊन शेतकऱ्याला मदतच करतात.

त्यांची ओळख पायरीपायरीने होते. सहा पाय, म्हणून वर्ग कीटकांचा. पुढील पंखांची टणक ढाल झालेली, म्हणून गण ढालपंखी. दोऱ्यासारख्या बारीक, अकरा पेरांच्या मिशा, प्रत्येक पायाच्या टोकाशी पाच पेरे, पुढच्या पायावर मिशा साफ करण्यासाठी खाच, आणि मागच्या पायांच्या मुळांनी उदराचा पहिला खंड दुभंगलेला. ही सर्व लक्षणे जुळली म्हणजे कुल कॅराबिडी ठरते. जगात या एका कुलाच्या चाळीस हजारांहून अधिक जाती नोंदविल्या गेल्या आहेत. कुलानंतर प्रजाती आणि प्रजातीनंतर जाती, अशा शेवटच्या दोन पायऱ्या सर्वांत अवघड असतात.

या अभ्यासाचा इतिहासही उद्बोधक आहे. १९२४ सालच्या एव्हरेस्ट मोहिमेबरोबर डॉ. रिचर्ड हिंग्स्टन हे वैद्य आणि निसर्गअभ्यासक म्हणून गेले होते. गिर्यारोहकांचे डोळे शिखराकडे लागलेले असताना ते तिबेटच्या उंच पठारावर दगड उलथून किडे गोळा करीत होते. त्यांनी आणलेल्या भूचर भुंगेऱ्यांचा अभ्यास हर्बर्ट अँड्र्यूज यांनी केला. हिंदुस्थानातील भूचर भुंगेऱ्यांवरील अँड्र्यूज यांचे दोन मोठे खंड १९२९ व १९३५ साली प्रसिद्ध झाले.

इतक्या उंचीवरच्या पुष्कळ भूचर भुंगेऱ्यांचे उडण्याचे पंख आखूड झालेले किंवा नाहीसे झालेले आढळतात. कडाक्याची थंडी आणि सोसाट्याचा वारा यांत उडणे लाभाचे नसते. दगडाखाली दडून राहणारा टिकतो. याउलट नदीकाठच्या पुष्कळ भुंगेऱ्यांचे पंख शाबूत असतात, कारण पूर आला की त्यांना जागा सोडावी लागते. पूर म्हणजे काय, हे २००५, २०१९ आणि २०२१ साली पाणी पाहिलेल्या आपल्या गावाला सांगावयास नको. ज्याला उडता येत नाही तो एका पर्वतावरून दुसऱ्या पर्वतावर जाऊ शकत नाही. मधली खोल दरी त्याला समुद्रासारखी असते. हजारो-लाखो वर्षे असे वेगळे राहिल्यावर दोन पर्वतांवरचे भुंगेरे दोन निरनिराळ्या जाती बनू शकतात.

तथापि, पंख नसणे ही केवळ उंचीची खूण आहे, असे मानणे चुकीचे ठरेल. आपल्या महाराष्ट्राच्या कोरड्या माळरानावर आढळणारा, काळ्या अंगावर सहा पांढरे ठिपके असलेला ॲन्थिया सेक्सगुटाटा हा मोठा भुंगेराही उडू शकत नाही. म्हणून एका खुणेवरून निवाडा देऊ नये, हा वर्गीकरणशास्त्राचा पहिला नियम. दुसरा नियम असा की, दिलेला निवाडा फेरतपासणीस खुला असावा. याच भुंगेऱ्याला फॅब्रिशियस यांनी १७७५ साली नाव दिले, तेव्हा त्याला कॅराबस या प्रजातीत ठेवले होते. पुढे लक्षणे अधिक बारकाईने तपासली गेली आणि त्याची प्रजाती बदलली. त्यात कोणाचा धर्म बुडाला नाही.

येथे आपल्यासारख्या बौद्ध संस्थेपुढे एक खरा प्रश्न उभा राहतो. दिसण्यात सारख्या असलेल्या जाती निश्चित करण्यासाठी अनेकदा नराच्या जननेंद्रियाची सूक्ष्मदर्शकाखाली तपासणी करावी लागते, आणि त्यासाठी कीटक मेलेला असावा लागतो. पंचशीलातील पहिले शील तर प्राणिहिंसेपासून विरत राहावयास सांगते. आम्हांस असे वाटते की, शाळेच्या पातळीवर मारण्याची आवश्यकता नाही. पाहावे, मोजावे, चित्र काढावे आणि दगड पुन्हा जसाच्या तसा ठेवावा. आपोआप मेलेला कीटक सापडल्यास तो जपून ठेवावा. एवढ्याने प्रजातीपर्यंत पोहोचता आले तर वहीत प्रजातीच लिहावी व जातीची जागा कोरी ठेवावी. पुराव्यावाचून ती जागा भरण्यापेक्षा कोरी ठेवणे हे अधिक वैज्ञानिक आहे, आणि सम्यक वाचेलाही धरून आहे.

आता माणसाकडे वळू. सुत्तनिपातातील वासेट्ठ सुत्तात वासेट्ठ आणि भारद्वाज हे दोन तरुण ब्राह्मण तथागतांकडे वाद घेऊन येतात. माणूस ब्राह्मण ठरतो तो जन्माने की कर्माने? तथागत उत्तराचा आरंभ गवतापासून व झाडांपासून करतात. मग कीटक, पतंग, मुंग्या, चतुष्पाद, सर्प, मासे आणि पक्षी यांचा क्रमाने उल्लेख करून ते दाखवितात की, या सर्वांत जन्मजात वेगळेपणाच्या खुणा आहेत. माणसांत मात्र केस, कान, डोळे, नाक, ओठ, काहीही पाहा, तशी खूण सापडत नाही. माणसामाणसांतील भेद हा व्यवहारातील नावांचा आहे. अडीच हजार वर्षांपूर्वीची ही मांडणी भुंगेऱ्याला एक न्याय लावते आणि माणसाला दुसरा, आणि तीही लक्षणे तपासून.

पुढे युरोपात लिनियस यांनी १७५८ साली प्राण्यांचे वर्गीकरण केले, तेव्हा माणसाला होमो सेपियन्स ही एकच जाती दिली. परंतु त्याच ग्रंथात खंडांप्रमाणे माणसाचे प्रकार पाडून त्यांना बरेवाईट स्वभावही चिकटवून दिले. १९०१ च्या जनगणनेचे प्रमुख रिस्ले यांनी तर हिंदुस्थानातील जातींचा उगम नाकाच्या मापात शोधला. बोधिसत्त्व डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९४८ साली ‘द अनटचेबल्स’ या ग्रंथात नाकाची मापेच पुढे ठेवली आणि त्यांच्याच आधारे दाखविले की, ब्राह्मण आणि अस्पृश्य यांचा वंश वेगळा ठरत नाही. मोजपट्टी बाबासाहेबांनी नाकारली नाही. तिला खरे बोलावयास लावले.

कोणी विचारील की, दरीमुळे भुंगेऱ्यांच्या जाती वेगळ्या झाल्या, तर जातीबाहेर विवाह न केल्याने माणसेही वेगळी झाली नसतील काय? याचे उत्तर बाबासाहेबांच्या १९१६ च्या कोलंबिया विद्यापीठातील निबंधात सापडते. जातीअंतर्गत विवाहाची सक्ती हेच जातीचे सार आहे, आणि मुळात एक असलेल्या समाजाचे तिने तुकडे पाडले आहेत, असे त्यांनी तेथे मांडले. आम्ही त्याला एवढेच जोडू इच्छितो. दोन पर्वतांवरच्या भुंगेऱ्यांना एकमेकांत मिसळू नका, असे कोणत्याही स्मृतीला सांगावे लागले नाही. मनाई तेथेच करावी लागते, जेथे मीलन सहज शक्य असते. विवाहबंदीसाठी एवढे नियम, एवढी शिक्षा आणि एवढी दहशत लागली, हाच माणूस एक असल्याचा सर्वांत मोठा पुरावा होय.

म्हणून पालकांना आणि माजी विद्यार्थ्यांना आमची विनंती आहे. मुलाने घरी येऊन ‘भुंगेऱ्याची जात कोणती?’ असे विचारले, तर त्याला भिंग द्या, वही द्या आणि लक्षणे मोजावयास बसवा. आणि कोणी त्यालाच त्याची जात विचारली, तर त्या प्रश्नाला निसर्गात कोणताही आधार नाही, हे त्याला शांतपणे व पुराव्यानिशी सांगता आले पाहिजे. विज्ञानाच्या तासाने आणि धम्माच्या शिकवणीने मिळून आपल्या मुलांना एवढे सामर्थ्य द्यावे, हीच सदिच्छा.

नमो बुद्धाय! जय भीम!