लाखोरी : ओल्या बांधीतली डाळ



कांजूरमार्गच्या बाजारात आपण तूरडाळ घेतो. तिच्यात कधी कधी लाख डाळीची भेसळ होते, एवढेच आपल्याला ठाऊक असते. पण भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोलीत ही भेसळ नव्हे. तिथल्या आदिवासी आणि लहान शेतकऱ्यांचे ते पीक आहे. या पाठात तिची ओळख करून घेऊ.

कुठे उगवते?
धान उभे असतानाच ओल्या बांधीत लाखोरीचे बी फेकतात. नांगरणी नको, खत नको. धान कापल्यावर उरलेल्या ओलीवर ती वाढते. पाणी साचले तरी तगते, अवर्षणातही तगते. मटारासारखा वेल, बहुधा निळी फुले, पाचरीसारखे कोनदार दाणे. कोवळा पाला खुडून भाजी करतात. मुळांवरच्या गाठींमुळे जमिनीला नत्र मिळते. तिची रानटी भावंडे गहू-हरभऱ्यात तण म्हणून उगवतात.

धोका कोणता?
दाण्यात ‘ओडॅप’ हे विषारी द्रव्य असते. दोन-तीन महिने जेवणात मुख्यतः हीच डाळ असेल, तर पाय ताठरतात आणि हे अपंगत्व सहसा बरे होत नाही. सागर भागात १८२९ पासून ओळीने तीन वर्षे गहू बुडाला, लाख तेवढी उरली. १८३३ पासून तरुणांचे पाय लुळे पडू लागले, अशी नोंद इंग्रज अधिकारी स्लीमन यांनी केली आहे. रेवा भागात वेठबिगारांना मजुरी म्हणून हीच डाळ मिळे. मालकाच्या ताटात इतर धान्यही होते; मजुराच्या ताटात नव्हते.

१९६१ साली तिच्या विक्रीवर बंदी आली; महाराष्ट्राने ती २००८ मध्ये उठवली. आता ‘रतन’, ‘प्रतीक’, ‘महातिवडा’ हे कमी विषाचे वाण आहेत.

काय करावे?
१. डाळ भरपूर गरम पाण्यात भिजवून ते पाणी फेकून द्यावे. विष बरेच कमी होते, पूर्ण जात नाही.
२. रोज हीच डाळ नको. तांदूळ, ज्वारी, इतर डाळी, भाज्या सोबत असाव्यात.
३. बियाणे कमी विषाच्या वाणाचे घ्यावे.
४. पाय जड वाटू लागले, तर डाळ लगेच बंद करून दवाखान्यात जावे.

विचार करा
पाड्यावर शिधा पाठवताना आपण पोती मोजतो. त्या घरच्या ताटात आणखी काय आहे, हे विचारतो का? लाखोरीने माणूस पांगळा झाला, तो दुसरे काही खायला नव्हते म्हणून.