नदीकाठचे उद्यान आणि नगराचे कर्ज

नगर वाढत जाते तशी नदीकडे पाहण्याची त्याची दृष्टीही बदलत जाते. गावाच्या दृष्टीने नदी म्हणजे पाणवठा, घाट आणि मंदिर. कारखानदारीच्या नगराला ती प्रथम पाण्याचे साधन होते आणि पाठोपाठ सांडपाण्याची वाट. पुढे वस्ती दाटली, मोकळी जागा दुर्मीळ झाली, की त्याच नदीचा काठ नगरातील अखेरची मोठी मोकळी जागा ठरतो. पिंपरी-चिंचवड आज या तिसऱ्या अवस्थेत आहे. मुळा, पवना व इंद्रायणी या तिन्ही नद्यांचे काठ सुधारण्याच्या योजना तेथे आखण्यात आल्या आणि त्यांपैकी मुळेच्या काठासाठी महापालिकेने २०२३ मध्ये भांडवल बाजारातून कर्ज उभारले. या योजनांवरून निर्माण झालेला वाद स्थानिक स्वराज्य संस्थांच्या कारभारात रस असणाऱ्या प्रत्येकाने अभ्यासावा असा आहे.

जकातीपासून कर्जरोख्यांपर्यंत

पिंपरी, चिंचवड, आकुर्डी व भोसरी ही गावे एकत्र करून १९७० मध्ये येथे नगरपालिका स्थापन झाली. ११ ऑक्टोबर १९८२ रोजी तिचे महापालिकेत रूपांतर झाले आणि १९९७ मध्ये आणखी १८ गावे हद्दीत आली. कारखान्यांसाठी येणाऱ्या कच्च्या मालावरील जकात हा या महापालिकेच्या उत्पन्नाचा मुख्य आधार होता, आणि त्या बळावरच तिची गणना देशातील संपन्न महापालिकांत होऊ लागली. १ एप्रिल २०१३ पासून जकात बंद होऊन तिच्या जागी स्थानिक संस्था कर आला. १ जुलै २०१७ रोजी वस्तू व सेवा कर लागू झाल्यावर तोही गेला आणि त्याची जागा राज्य शासनाकडून मिळणाऱ्या भरपाई अनुदानाने घेतली. महापालिकेच्या स्वतःच्या हाती मालमत्ता कर, पाणीपट्टी आणि बांधकाम परवानग्यांचे शुल्क हीच उत्पन्नाची प्रमुख साधने उरली. मोठ्या योजनांसाठी कर्जाचा विचार का सुरू झाला, हे या पार्श्वभूमीवर समजू शकते.

कर्जरोखा ही संकल्पना साधी आहे. महापालिका ठरावीक मुदतीसाठी व ठरावीक व्याजाने गुंतवणूकदारांकडून रक्कम घेते आणि आपल्या भावी उत्पन्नातून ती फेडण्याची हमी देते. भारतात अहमदाबाद महापालिकेने १९९८ मध्ये शासकीय हमीशिवाय १०० कोटी रुपयांचे रोखे काढून या मार्गाचा पाया घातला. भारतीय प्रतिभूती व विनिमय मंडळाने, म्हणजेच ‘सेबी’ने, २०१५ मध्ये यासंबंधी स्वतंत्र विनियम केले. त्यानंतर पुणे महापालिकेने २०१७ मध्ये समान पाणीपुरवठा योजनेसाठी २०० कोटी रुपये उभारले. पिंपरी-चिंचवड महापालिकेने जुलै २०२३ मध्ये मुळा नदी सुधार योजनेसाठी तेवढ्याच रकमेचे रोखे काढले. मुदत पाच वर्षे आणि व्याजाचा दर शेकडा ८.१५ होता. मागणी अपेक्षेपेक्षा कितीतरी अधिक आली, हे महापालिकेच्या पतीचे द्योतक मानले गेले.

या व्यवहाराचा हिशेब समजून घेणे कठीण नाही. २०० कोटींच्या मुद्दलावर ८.१५ टक्के दराने वर्षाला १६ कोटी ३० लक्ष रुपये व्याज होते. रोखे काढणाऱ्या महापालिकांना केंद्र शासन दर १०० कोटींमागे १३ कोटी रुपये प्रोत्साहन अनुदान देते. त्यानुसार मिळणारे २६ कोटी रुपये म्हणजे सुमारे दीड वर्षाचे व्याज. पुढील व्याज आणि संपूर्ण मुद्दल अखेर नगराच्या उत्पन्नातूनच द्यावयाचे असते. अनुदानामुळे कर्ज स्वस्त होते, पण ते कर्जच राहते.

अनुकूल व प्रतिकूल बाजू

मुळा नदी ही दोन महापालिकांची सीमा आहे. उजव्या तीरावर पुण्याचे बालेवाडी, बाणेर व औंध, तर डाव्या तीरावर पिंपरी-चिंचवडचे वाकड, पिंपळे निलख व सांगवी. पहिल्या टप्प्यात वाकड ते सांगवी पूल हा सुमारे पावणेनऊ किलोमीटरचा काठ घेण्यात आला असून त्याचा खर्च सुमारे २७६ कोटी रुपये अपेक्षिण्यात आला.

योजनेचे समर्थक सांगतात की, काठावर पायवाटा, घाट व उद्याने झाली तर राडारोडा टाकणे आणि अतिक्रमण यांस आपोआप आळा बसेल. दोन खोल्यांच्या घरात राहणाऱ्या कामगार कुटुंबाला सायंकाळी मुलाबाळांसह बसावयास जागा मिळेल. लोकांची ये-जा वाढली म्हणजे नदीच्या दुरवस्थेकडे दुर्लक्ष करणे कोणालाही शक्य होणार नाही. हे म्हणणे वजनदार आहे. उद्याने ही केवळ सधन वस्त्यांची चैन नव्हे.

विरोधकांचा पहिला आक्षेप प्राधान्याविषयी आहे. प्रक्रिया न केलेले मैलापाणी व सांडपाणी नदीत येत असताना काठाच्या बांधकामावर खर्च करणे म्हणजे रुग्णास औषधाआधी नवे वस्त्र देणे होय, असे ते म्हणतात. इंद्रायणीच्या पाण्यावर आळंदी येथे वारंवार दिसणारा फेस वारकऱ्यांना परिचित आहेच. अहमदाबादच्या साबरमतीचे उदाहरण या संदर्भात नेहमी दिले जाते. परंतु तेथील पात्रात दिसणारे पाणी नर्मदेच्या कालव्यातून आणलेले आहे. तसेच त्या योजनेत नदीच्या पात्रालगत मिळविलेल्या जमिनीच्या विक्रीतून खर्च भरून काढण्याची कल्पना मूळ आराखड्यापासूनच होती. ही आर्थिक चौकट जशीच्या तशी अन्यत्र बसविता येत नाही.

दुसरा आक्षेप पुराचा आहे. महाराष्ट्रात नदीकाठी दोन पूररेषा आखल्या जातात. सरासरी २५ वर्षांत एकदा येणाऱ्या पुराची निळी रेषा आणि १०० वर्षांत एकदा येणाऱ्या पुराची लाल रेषा. पुण्यातील नदीकाठ योजनेचे भूमिपूजन ६ मार्च २०२२ रोजी पंतप्रधान नरेंद्र मोदी यांच्या हस्ते झाले. त्या सुमारास ज्येष्ठ नेते शरद पवार यांनी पुराच्या धोक्याविषयी जाहीर चिंता व्यक्त केली होती, तर भारतीय जनता पक्षाने ही योजना नगराच्या भविष्यासाठी आवश्यक असल्याची भूमिका घेतली. जुलै २०२४ मध्ये पुणे व पिंपरी-चिंचवडच्या नदीकाठच्या सखल वस्त्यांत पाणी शिरले तेव्हा ही चर्चा पुन्हा ऐरणीवर आली. मे २०२५ मध्ये चिखली येथे इंद्रायणीच्या निळ्या रेषेत बांधलेले ३६ बंगले राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाच्या आदेशानुसार महापालिकेने पाडले. जी रेषा नागरिकाच्या घराला लागू आहे, तिचे भान सार्वजनिक बांधकामालाही ठेवावेच लागते.

तिसरा आक्षेप वृक्षांचा. २०२५ मध्ये पिंपळे निलख परिसरात काठावरील झाडे तोडली जाण्याच्या प्रश्नावर नागरिक एकत्र आले. नदीकाठची झाडी हीच मुळात एक उद्यान आहे आणि तिच्यासाठी कर्ज काढावे लागत नाही, असे त्यांचे म्हणणे होते.

संमती कोणाची?

या सर्व मुद्द्यांच्या मुळाशी एक प्रश्न आहे. कर्ज काढण्यास संमती कोणी द्यावयाची? महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमानुसार राज्य शासनाच्या मंजुरीने महापालिका कर्ज घेऊ शकते. सामान्यतः असा प्रस्ताव स्थायी समिती व सर्वसाधारण सभेत चर्चिला जातो. नगरसेवक प्रश्न विचारतात, उपसूचना मांडतात, वेळप्रसंगी विरोधी मत नोंदवितात. पिंपरी-चिंचवडमधील सभागृहाची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली आणि निवडणुका लांबल्या. त्यामुळे २०२३ मध्ये रोखे निघाले तेव्हा स्थायी समिती व सर्वसाधारण सभा या दोन्हींचे अधिकार प्रशासकांकडे होते. ही व्यवस्था कायद्यास धरून होती आणि प्रशासनाने व्यवहारही तत्परतेने पार पाडला. तथापि ज्या व्यासपीठावर हा वाद शब्दांनी लढला जावयाचा, ते व्यासपीठच त्या काळात रिकामे होते. सभागृहात न झालेली चर्चा मग निदर्शनांत, निवेदनांत आणि न्यायासनांसमोर झाली.

१५ जानेवारी २०२६ रोजी महापालिकेसाठी मतदान झाले. २०२३ च्या पाच वर्षे मुदतीच्या रोख्यांची परतफेड २०२८ पर्यंत पूर्ण व्हावयाची आहे. म्हणजेच जे कर्ज या सभागृहाने घेतले नाही, ते फेडण्यासाठी अंदाजपत्रकात तरतूद करण्याचे उत्तरदायित्व त्याच्याकडे आले आहे. कर्ज हे काढणाऱ्याच्या कारकिर्दीपेक्षा दीर्घायुषी असते. म्हणूनच त्याच्या निर्णयात फेडणाऱ्याचा आवाज असणे अगत्याचे ठरते.

पंचायतींसाठी बोध

चाकण, देहू, आळंदी आणि मावळ या भागांतील गावे झपाट्याने नागरी होत आहेत. आज ना उद्या त्यांच्याही पुढे घाट, बंधारा किंवा उद्यान यांचा प्रस्ताव येईल. अशा वेळी ग्रामसभेपुढे किंवा सभागृहापुढे तीन हिशेब मांडले जावेत. पहिला पाण्याचा : नदीत मिसळणारे नाले किती, त्यांपैकी किती अडविले, शुद्धीकरणाची सोय कोणत्या वर्षी पूर्ण होणार. दुसरा पुराचा : दोन्ही रेषा नकाशावर दाखवून, बांधकामानंतर पाण्याची पातळी किती बदलेल हे साध्या मराठीत सांगणे. तिसरा कर्जाचा : दरसाल किती रक्कम द्यावयाची, ती कोणत्या करातून येणार, आणि उद्यान झाल्यावर त्याची देखभाल, राखणदारी व पुरानंतरचा गाळ काढणे यांचा खर्च कोण करणार. हा शेवटचा खर्च मूळ आराखड्यात बहुधा दुर्लक्षित राहतो आणि काही वर्षांतच उद्यानाची रया जाते.

शिक्षकांनाही येथे काम आहे. नागरिकशास्त्राच्या तासाला आपल्या गावच्या अंदाजपत्रकाचे एक पान मुलांपुढे ठेवले, तर मालमत्ता कराची पावती आणि नदीचा घाट यांचा संबंध त्यांना सहज उमगेल.

नदीकाठ सर्वांचा आहे, म्हणून तो सुधारण्याचा खर्च सर्वांनी उचलणे न्याय्य आहे. मात्र सर्वांनी खर्च उचलावयाचा तर निर्णयाच्या वेळी सर्वांना हिशेब दिसला पाहिजे. तसे झाल्यास वाद संपणार नाहीत. पण ते वेळेवर, योग्य जागी होतील आणि एकदा घेतलेला निर्णय पुढील सभागृहालाही आपला वाटेल.