परसातील जखमी कोंबडी : उपचार आणि प्रतिबंध

परसातील आठ-दहा कोंबड्या म्हणजे ग्रामीण गृहिणीची हाताशी असलेली शिल्लकच होय. तेल-मीठ, मुलांच्या वह्या असे किरकोळ खर्च अंड्यांच्या पैशांतून भागतात. अशा घरातील एखाद्या कोंबडीची पाठ उघडी पडून रक्ताळली, की तिला रोग लागला असे समजून ती मिळेल त्या भावाने विकली जाते. वास्तविक पुष्कळदा हा रोग नसतो. कळपातील नर-मादींचे प्रमाण बिघडल्याची ती खूण असते.

जखम कशी होते?

समागमाच्या वेळी कोंबडा चोचीने मादीच्या मानेची पिसे धरतो व तिच्या पाठीवर पाय रोवून तोल सावरतो. त्याच त्या कोंबडीवर हा प्रकार वारंवार घडल्यास प्रथम पिसे तुटतात आणि मग नखांनी किंवा पायामागील टोकदार काट्याने कातडी फाटते. पंखाखालची जखम वरून दिसत नाही. म्हणून पंख उचलून पाहावे. तुरा व चेहरा यांवर फोड वा खपल्या असतील, तर मात्र तो देवी रोग असू शकतो. अशा वेळी पशुवैद्यकास दाखवावे.

उपचार

जखमी कोंबडी तत्काळ वेगळी ठेवावी. रक्त दिसताच इतर कोंबड्या तेथे टोचू लागतात आणि लहान जखम जीवघेणी ठरते. एक लिटर पाणी उकळून कोमट करावे व त्यात सुमारे ९ ग्रॅम, म्हणजे चहाचा दीड सपाट चमचा मीठ विरघळवून जखम धुवावी. रक्त वाहत असल्यास स्वच्छ कापडाने काही मिनिटे दाबून धरावे. नंतर पोव्हिडोन आयोडिनचे पातळ द्रावण लावावे. जखमेत रॉकेल वा फिनेल घालू नये. त्याने मांस भाजते. पावसाळ्यात माश्या जखमेवर अंडी घालतात आणि एक-दोन दिवसांत अळ्या पडतात. म्हणून जखम रोज दोनदा पाहावी. अळ्या, दुर्गंधी किंवा खोल चीर आढळल्यास दवाखाना गाठावा. औषध दिल्यास अंडी किती दिवस खाऊ नयेत, हेही तेथेच विचारावे. जखम पूर्ण भरल्यावरच कोंबडी कळपात सोडावी.

प्रतिबंध

आठ ते दहा कोंबड्यांमागे एक कोंबडा पुरेसा असतो. अंडी केवळ विक्रीसाठी हवी असतील, तर कोंबड्याची गरजच नाही. त्याच्यावाचूनही कोंबडी अंडी देते. जास्तीचे कोंबडे वेगळे ठेवावेत. गिरिराज, वनराज यांसारख्या सुधारित जातींचे वजनदार नर लहान चणीच्या गावरान माद्यांत सोडल्यास अधिक लक्ष ठेवावे. नखांची व काट्याची केवळ टोके कानशीने बोथट करावीत. खोलवर कापल्यास रक्तस्राव होतो. पाठीची कातडी उघडी पडलेल्या मादीस पिसे येईपर्यंत कोंबड्यापासून दूर ठेवावे. तुटलेल्या पिसांच्या जागी नवी पिसे बहुधा पुढील पीसगळीनंतरच येतात, हे लक्षात घ्यावे.

कोंबड्या वाटपाच्या योजना गावात राबविताना लाभार्थीच्या घरी आधीच किती नर आहेत, याची चौकशी पंचायत सदस्यांनी अवश्य करावी. एका जादा कोंबड्यापायी घरातील चांगल्या अंडी देणाऱ्या माद्या बाजारात जाऊ नयेत, एवढी दक्षता सहज घेता येण्यासारखी आहे.