सामाईक वीज-पाण्याचा शेजारधर्म

मरीना म्हणजे खासगी नौका बांधण्याचे बंदर. युरोपात तेथे वीज-पाण्याचे खांब सामाईक असतात. नौकेला बहुधा १६ अँपिअरची जोडणी मिळते. २३० व्होल्टला ती सुमारे ३,६०० वॉट पेलते. मोठी किटली व हीटर एकदम लावले की खटका पडतो. खांबावर जागा नसली, तरी शेजाऱ्याचा प्लग न विचारता काढू नये. त्याची बॅटरी उतरली, तर झिरपलेले पाणी उपसणारा पंप थांबतो आणि नौका बुडू शकते. पिण्याच्या पाण्याच्या नळीने मैल्याची टाकी धुवू नये.

आम्हा कापडवाल्यांच्या गाळ्यांतही कित्येकदा मीटर सामाईक असतो. दुसऱ्याच्या वायरीला हात लावण्याआधी त्याला हाक मारावी, एवढा धडा आपण घ्यावा.