हिप्पी प्रतिसंस्कृती आणि ‘प्रभाव’ या संज्ञेचा प्रश्न

मराठी बोलण्यात ‘हिप्पी’ हा शब्द प्रामुख्याने केसांपुरता उरला. मानेवर रुळणारे केस म्हणजे ‘हिप्पी कट’, आणि तसे केस राखणाऱ्या मुलाला घरातील वडीलधाऱ्यांनी लावलेले विशेषण म्हणजे ‘हिप्पी’. अशा प्रकारचा अर्थसंकोच भाषेला नवा नाही. अडचण उद्भवते ती हा संकुचित अर्थ समीक्षेत शिरतो तेव्हा. साठोत्तरी मराठी साहित्यातील बंडखोरीचा, विशेषतः लघुनियतकालिकांच्या चळवळीचा, विचार करताना ‘बीट’ आणि ‘हिप्पी’ ही दोन नावे जोडीने घ्यावयाची आणि ‘पाश्चात्त्य प्रभाव’ असा शेरा मारून विषय मिटवावयाचा, ही सवय अध्यापनात आणि उत्तरपत्रिकांत अद्यापही आढळते. हा शेरा कितपत टिकतो हे ठरविण्यासाठी हिप्पी प्रतिसंस्कृती कशी उभी राहिली आणि कशाने मोडली, हे प्रथम तिच्या स्वतःच्या भूमीवर पाहिले पाहिजे.

बीट आणि हिप्पी या दोहोंत जवळजवळ एका दशकाचे अंतर आहे. ॲलन गिन्सबर्गने ‘हाऊल’ ही दीर्घ कविता सॅन फ्रान्सिस्कोतील सिक्स गॅलरीत वाचली ती ऑक्टोबर १९५५ मध्ये. ती सिटी लाइट्सने पुस्तकरूपाने प्रसिद्ध केली १९५६ साली, आणि अश्लीलतेच्या खटल्यातून ती निर्दोष सुटली १९५७ साली. त्याच वर्षी जॅक केरुॲकची ‘ऑन द रोड’ ही कादंबरी आली. ‘हिप्पी’ हा शब्द मात्र सॅन फ्रान्सिस्कोच्या वृत्तपत्रांतून १९६५ पासून रुळू लागला आणि १९६७ मध्ये जगभर पसरला. बीट ही मुख्यतः लेखकांची पिढी होती. तिच्यात मोजकी माणसे होती आणि तिच्यापाशी ग्रंथ होते. हिप्पी हा लाखोंच्या संख्येने वावरणारा तरुणांचा समूह होता आणि त्याच्यापाशी ग्रंथ जवळजवळ नव्हते. गिन्सबर्ग, गॅरी स्नायडर यांच्यासारखी माणसे दोन्हीकडे दिसतात म्हणून या दोन घटना एक होत नाहीत.

हिप्पींच्या उदयामागील कारणांत सर्वांत महत्त्वाचे आणि सर्वांत दुर्लक्षित कारण म्हणजे सुबत्ता. १९४६ पासून अमेरिकेत जन्मदर वाढला आणि त्या लाटेतील पहिली मुले १९६४ मध्ये अठरा वर्षांची झाली. महायुद्धोत्तर अर्थव्यवस्थेने त्यांच्या आईबापांना उपनगरात घर, दाराशी मोटार आणि आयुष्यभराची नोकरी दिली होती. या मुलांनी नाकारले ते हेच. थिओडोर रोझॅक यांनी १९६९ मध्ये ‘द मेकिंग ऑफ अ काउंटर कल्चर’ या ग्रंथातून प्रतिसंस्कृतीची कल्पना रूढ केली, तेव्हा त्यांच्या विवेचनाचे लक्ष्य तंत्रज्ञांच्या हाती गेलेली, सर्व काही सोयीस्कर करून ठेवणारी समाजव्यवस्था हे होते. त्याखेरीज व्हिएतनामचे युद्ध आणि सक्तीची सैन्यभरती ही भीती प्रत्येक तरुणाच्या दारात उभी होती. १९६० साली मान्यता मिळालेली संततिप्रतिबंधक गोळी आणि १९६४ चे बर्कली विद्यापीठातील भाषणस्वातंत्र्याचे आंदोलन हे आणखी दोन धागे. या सगळ्याला सॅन फ्रान्सिस्कोतील हेट-ॲशबरी या वस्तीने जागा दिली. तेथे व्हिक्टोरियन काळातील मोठी, जुनाट लाकडी घरे होती आणि त्यांची भाडी कमी होती. नोकरी नाकारण्याची चैन भाडे कमी असेल तेथेच परवडते, हे या चळवळीच्या चरित्रात पुन्हा पुन्हा दिसते.

१४ जानेवारी १९६७ रोजी गोल्डन गेट उद्यानात ‘ह्यूमन बी-इन’ हा मेळावा भरला. वीस हजारांहून अधिक लोक जमले. गिन्सबर्ग आणि स्नायडर यांनी तेथे मंत्रपठण केले, आणि हार्वर्डमधून बाहेर पडलेले टिमथी लीअरी यांनी चित्तभ्रमकारी द्रव्यांचा पुरस्कार केला. (त्यांपैकी एलएसडी हे द्रव्य कॅलिफोर्नियाने ६ ऑक्टोबर १९६६ पासून बेकायदा ठरविले होते.) त्या वर्षीच्या उन्हाळ्यात सुमारे एक लाख तरुण हेट-ॲशबरीत येऊन गेले असे मानले जाते. एवढ्या माणसांना निवारा, अन्न आणि औषध देण्याची सोय नगरपालिकेने केली नाही. ती ज्यांनी केली त्यांच्याकडे अभ्यासकांनी अधिक लक्ष द्यावयास हवे होते.

‘डिगर्स’ हा तो गट. सतराव्या शतकात इंग्लंडमधील ज्या भूमिहीनांनी पडीक जमीन सामाईक म्हणून खणावयास घेतली, त्यांचे नाव या मंडळींनी मुद्दाम घेतले. ती मूळची एका पथनाट्य करणाऱ्या मंडळीतील माणसे. १९६६ च्या शरदात त्यांनी उद्यानाला लागून असलेल्या हिरवळीच्या पट्ट्यावर रोज मोफत जेवण देण्यास आरंभ केला. जेवणाऱ्याने एका मोठ्या लाकडी चौकटीतून पाऊल टाकून पलीकडे जावयाचे, एवढीच अट. आपल्याकडील अन्नछत्राशी याची तुलना सहज सुचते, पण ती पुरती जुळत नाही. अन्नछत्रात दाता असतो आणि त्याच्या पदरी पुण्य पडते. डिगर्सना दाता आणि याचक हे नातेच पुसावयाचे होते. त्यांच्या मोफत दुकानात मालक कोण असे विचारणाऱ्याला ‘तूच’ असे उत्तर मिळे. जून १९६७ मध्ये डॉ. डेव्हिड स्मिथ यांनी याच वस्तीत मोफत दवाखाना उघडला. आरोग्यसेवा हा विशेषाधिकार नसून हक्क आहे, ही त्याची भूमिका होती.

याच डिगर्सनी चळवळीवरील सर्वांत कठोर टीका आतून केली. ६ ऑक्टोबर १९६७ रोजी, म्हणजे एलएसडीबंदीला बरोबर एक वर्ष झाले त्या दिवशी, हेट-ॲशबरीच्या रस्त्यावरून एक शवपेटी मिरवत नेण्यात आली. ती ‘हिप्पी’ची अंत्ययात्रा होती. ‘हिप्पी’ हा वृत्तपत्रांनी निर्माण केलेला प्राणी असून तो मेला आहे, तेव्हा येथे येऊ नका, असे त्यांना सांगावयाचे होते. या विधीनंतर अवघ्या अकरा दिवसांनी, १७ ऑक्टोबरला, न्यूयॉर्कमध्ये ‘हेअर’ ही हिप्पी जीवनावरील संगीतिका रंगमंचावर आली आणि पुढल्या वर्षी ब्रॉडवेवर पोहोचली. रस्त्यावर पुरलेला हिप्पी तिकीट लावून पुन्हा उभा राहिला. हिप्पी प्रतिसंस्कृतीच्या ऱ्हासाचे मर्म या दोन तारखांमध्ये आहे. ऱ्हासाचे सर्वपरिचित कथन याहून वेगळे आहे. ऑगस्ट १९६९ मध्ये चार्ल्स मॅन्सनच्या टोळीने केलेले खून, त्याच महिन्यात चार लाखांवर श्रोत्यांनी साजरा केलेला वुडस्टॉकचा संगीतमहोत्सव, आणि ६ डिसेंबरला ऑल्टमॉन्टच्या मैफलीत एका श्रोत्याची झालेली हत्या, अशा तीन प्रसंगांवर ते उभे असते. हे कथन नाट्यपूर्ण आहे, पण त्यात कारणमीमांसा फारशी नाही.

कारणे शोधावयाची तर नकाराच्या स्वरूपाकडे वळावे लागते. हिप्पींनी आपला नकार वेश, केस, संगीत आणि सुगंध यांतून व्यक्त केला. या सर्व वस्तू विकता येतात. १९७१ मध्ये कोका-कोलाने नाना देशांच्या तरुणांना एका टेकडीवर उभे करून सामंजस्याचे गाणे गावयास लावले, तेव्हा जाहिरातीला हिप्पींच्या भाषेत एकही बदल करावा लागला नाही. दुसरे कारण आर्थिक. १९७३ च्या तेलसंकटाने सुबत्तेचा पायाच हलला, आणि नोकरी नाकारणे ही निवड न राहता नोकरी न मिळणे ही स्थिती झाली. त्याच वर्षी सक्तीची सैन्यभरती थांबली, म्हणजे विरोधाचे निकडीचे निमित्तही गेले. तिसरे कारण घरातले. सामुदायिक वसाहतींत मालमत्ता सामाईक झाली तरी स्वयंपाक आणि मुले बहुतेक ठिकाणी स्त्रियांकडेच राहिली. जोन डिडियन यांनी १९६७ च्या हेट-ॲशबरीवर लिहिलेल्या लेखात एलएसडी दिलेली पाच वर्षांची मुलगी भेटते. स्वातंत्र्याच्या या प्रयोगाची किंमत कोण मोजत होते, हे त्या एका नोंदीतून जितके कळते तितके पुष्कळ प्रबंधांतून कळत नाही.

साहित्याच्या अभ्यासकाला आणखी एक गोष्ट खटकावयास हवी. इतक्या मोठ्या उलथापालथीतून साहित्यकृती किती थोड्या निघाल्या! रिचर्ड ब्रॉटिगनची ‘ट्राउट फिशिंग इन अमेरिका’ १९६७ मध्ये आली, पण ती लिहून झाली होती त्याआधी काही वर्षे. हिप्पींची खरी अभिव्यक्ती गाण्यांत, भित्तिपत्रकांच्या वळसेदार अक्षरांत आणि ‘ओरॅकल’सारख्या रंगीत वृत्तपत्रांत झाली. त्यांनी साहित्याला दिले ते वितरणाचे नवे मार्ग. डिगर्सशी संबंधित एका छोट्या मुद्रणगटाने गेस्टेटनर यंत्रांवर सकाळी लिहिलेली पत्रके दुपारी रस्त्यात वाटली. ब्रॉटिगनने १९६८ मध्ये आठ कविता बियांच्या आठ पाकिटांवर छापून फुकट वाटल्या. वाचून झाले की पाकीट फोडून बी पेरावयाचे. स्टुअर्ट ब्रँडचा ‘होल अर्थ कॅटलॉग’ (१९६८) हीही याच वृत्तीची निर्मिती. शेती, सुतारकाम, पुस्तके आणि यंत्रे यांची ती एक सूचीच होती. टिकले तेही अशाच गोष्टींतून. मोफत दवाखान्यांची कल्पना इतर शहरांत गेली, एप्रिल १९७० च्या पहिल्या वसुंधरा दिनानंतर पर्यावरणाचा विचार सार्वजनिक झाला, आणि टेनेसीत १९७१ मध्ये वसलेली ‘द फार्म’ ही वसाहत १९८३ मध्ये सामाईक मालमत्तेचे तत्त्व सोडूनही जिवंत राहिली. ज्या नकारामागे रोजचे काम होते तो उरला आणि ज्यामागे केवळ शैली होती तो बाजाराने उचलला, असा हा हिशेब दिसतो.

भारतात हिप्पी आले ते इस्तंबूल, तेहरान, काबूल, लाहोर या खुष्कीच्या वाटेने. १९७९ मधील इराणची क्रांती आणि अफगाणिस्तानातील सोव्हिएत फौजा यांनी ती वाट बंद केली. १९६१ मध्ये मुक्त झालेल्या गोव्यात, हणजुणे आणि कळंगुटच्या किनाऱ्यांवर त्यांनी मुक्काम केला. मराठी वाचकाची हिप्पीविषयीची प्रतिमा या किनाऱ्यांवरून आणि १९७१ च्या ‘हरे रामा हरे कृष्णा’ या हिंदी चित्रपटावरून बनली. अध्यात्माच्या या खरेदीविक्रीवर गीता मेहता यांनी ‘कर्मा कोला’ (१९७९) या पुस्तकात जे मर्मभेदक लिहिले, त्याच्या तोडीचे मराठीत त्या काळी फारसे झाले नाही. येथे लक्षात घ्यावयाचे ते हे की, हिप्पी गोव्यात दिसू लागले तेव्हा साठोत्तरी मराठी साहित्य आपली दिशा आधीच घेऊन चुकले होते.

कालक्रम पुरेसा बोलका आहे. अरुण कोलटकर, दिलीप चित्रे प्रभृतींचे ‘शब्द’ हे सायक्लोस्टाइल केलेले नियतकालिक पन्नाशीच्या दशकाच्या मध्यास निघाले. चित्र्यांचा ‘कविता’ हा संग्रह १९६० चा. गिन्सबर्ग मुंबईस आला १९६२ च्या फेब्रुवारीत. अशोक शहाणे यांचे ‘असो’ आणि भालचंद्र नेमाडे यांची ‘कोसला’ ही दोन्ही १९६३ ची. तोवर ‘हिप्पी’ हा शब्द सॅन फ्रान्सिस्कोतही रूढ नव्हता. गिन्सबर्गच्या भेटीचा परिणाम मान्य करावयास हरकत नाही, परंतु तो समानशील कवी भेटल्याचा परिणाम होता. दीक्षा देणारा गुरू येथे कोणी शोधत नव्हते.

आशयाच्या पातळीवर तर दोन्ही प्रवास उलट दिशांचे आहेत. हिप्पी सुबत्ता नाकारून घर सोडतो. पांडुरंग सांगवीकर पुण्यात सर्व बाजूंनी हरून घरी, सांगवीला परततो, आणि ते परतणेही त्याला मुक्ती देत नाही. नोकरी मिळवणे हीच ज्यांच्या घरातील मोठी घटना होती अशा वर्गातून आलेल्या या लेखकांना सुबत्तेचा कंटाळा येण्याचे कारण नव्हते. त्यांचा नकार वाङ्मयीन सत्तेला होता. ती सत्ता मासिकांच्या संपादकीय अभिरुचीत, पुण्या-मुंबईच्या प्रमाणभाषेत आणि जातीच्या चौकटीत वसलेली होती. साठच्या दशकाच्या अखेरीस राजा ढाले प्रभृतींनी ‘सत्यकथे’ची जी होळी केली, तिच्यात नाकारला गेला तो हा अधिकार.

मग अमेरिकेकडून काहीच आले नाही काय? आले, आणि ते नेमके दाखविता येते. अरविंद कृष्ण मेहरोत्रा यांनी अलाहाबादेत १९६५ मध्ये काढलेल्या ‘डॅम यू’चे नावच न्यूयॉर्कच्या एका अनियतकालिकाला दिलेली सलामी होते. तो बीट परंपरेतून आलेला मुद्रणाचा धागा झाला. मराठीतील सर्वांत उघड आणि सर्वांत अर्थपूर्ण ऋण मात्र वेगळे आहे. ऑक्टोबर १९६६ मध्ये, डिगर्स हिरवळीवर जेवण वाढीत होते त्याच महिन्यात, खाडीच्या पलीकडे ऑकलंड शहरात ह्यूई न्यूटन आणि बॉबी सील यांनी ब्लॅक पँथर पक्षाची स्थापना केली. दोन्ही ठिकाणांमध्ये एका पुलाचे अंतर. १९७२ मध्ये मुंबईत ढाले, नामदेव ढसाळ, ज. वि. पवार आदी तरुणांनी आपल्या संघटनेला नाव देण्याची वेळ आली, तेव्हा त्यांनी ते ऑकलंडकडून घेतले. त्याच वर्षी ‘गोलपिठा’ प्रसिद्ध झाला. त्याच्या बेछूट शब्दकळेला ‘हिप्पी’ हे विशेषण लावणाऱ्या समीक्षकाने पुलाची कोणती बाजू धरावयाची, हे आधी ठरविलेले बरे.