लग्नानंतर न्यूझीलंडला : दक्षिण बेटाची आखणी

नकाशावर न्यूझीलंड लहान दिसतो आणि तिथूनच बहुतेकांची आखणी बिघडते. ऑकलंड, रोटोरुआ, हिमनद्या, क्वीन्सटाउन, मिलफर्ड साउंड असं सगळं दहा-बारा दिवसांत बसवलं जातं. मग रोज सकाळी बॅगा भरायच्या, दिवसभर गाडीत बसायचं आणि रात्री नव्या खोलीत त्याच बॅगा उघडायच्या. केळवणं, खरेदी, हळद, लग्न, स्वागत समारंभ एवढं पार पाडून आलेल्या दोघांवर असा प्रवास लादणं मला बरोबर वाटत नाही. त्यांना हवा असतो एकमेकांसाठी मोकळा वेळ. म्हणून इथे दिलेली आखणी एकाच बेटाची आहे. दक्षिण बेट, स्वतः चालवायची भाड्याची गाडी, अकरा रात्री आणि त्यात मोजक्याच ठिकाणी मुक्काम.

सुरुवात तारखेपासून करा, आणि ती दोघांनी एकत्र बसून ठरवा. तिकडचे ऋतू आपल्या उलट असतात. डिसेंबर ते फेब्रुवारी हा तिथला उन्हाळा, म्हणजे तुळशीच्या लग्नानंतर निघणाऱ्या मुहूर्तांना हा देश अगदी जुळतो. फक्त नाताळपासून जानेवारीच्या मध्यापर्यंत तिथली माणसंही सुटीवर असतात. तेव्हा खोल्या महाग होतात आणि वेळेवर मिळतही नाहीत. फेब्रुवारीचा दुसरा आठवडा ते मार्चअखेर हा काळ मला सर्वांत चांगला वाटतो. गर्दी ओसरलेली असते आणि दिवस अजून मोठा असतो. मे महिन्यात लग्न असेल तर माझा सल्ला थांबण्याचा आहे. जून-जुलैत तिथे कडक थंडी असते, दिवस लहान असतो आणि डोंगरातल्या रस्त्यांवर बर्फ साचतं. मुद्दाम बर्फ बघायलाच जायचं असेल तर गोष्ट वेगळी. एरवी जवळच कुठेतरी चार दिवस जाऊन या आणि हा मोठा प्रवास नोव्हेंबरसाठी राखून ठेवा.

लग्न आणि निघण्याचा दिवस यांत निदान आठ-दहा दिवसांचं अंतर हवं. सत्यनारायण, मांडवपरतणी, कुलदैवताचं दर्शन, माहेरी एक फेरी हे सगळं त्यात निवांत बसतं. जेजुरी किंवा तुळजापूरहून परतल्या रात्रीच विमानतळ गाठायचा, असा बेत करू नका. घरच्यांना निघण्याची तारीख साखरपुड्यानंतर लगेच सांगून टाकली, तर पूजेचे दिवस त्याच्या अलीकडे धरता येतात आणि पुढे कुणाची मनं दुखावत नाहीत.

यानंतर कागदपत्रं. भारतीय पासपोर्टवर न्यूझीलंडला जायला आधी व्हिजा काढावा लागतो. अर्ज ऑनलाइन भरायचा असतो. निघण्यापूर्वी दोन-तीन महिने तो केलेला बरा, म्हणजे बऱ्याचदा लग्नाच्या आधीच. तेव्हा अर्जात त्या दिवशीची वैवाहिक स्थिती खरी लिहा आणि सोबतच्या पत्रात स्पष्ट सांगा की अमुक तारखेला लग्न आहे, अमुक तारखेला आम्ही दोघं निघणार आहोत. पत्रिका जोडता येते, पण मराठी पत्रिकेसोबत इंग्रजी भाषांतर द्यावं लागतं. नोकरीचं पत्र, मंजूर रजा, बँकेची विवरणपत्रं, परतीचा बेत हे सगळं ‘तुम्ही परत येणार आहात’ हे दाखवण्यासाठी असतं. खर्चासाठी माणशी दरमहा 1000 न्यूझीलंड डॉलर हाताशी आहेत असं दाखवावं लागतं. राहण्याचे पैसे आधीच भरले असतील तर 400 पुरतात. अर्जाबरोबरच पर्यटकांवरचा 100 डॉलरचा संवर्धन-कर भरावा लागतो. ऑक्टोबर 2024 पासून तो एवढा झाला आहे.

नावाची घाई अजिबात करू नका. लग्नानंतर पासपोर्टवर आडनाव बदलणं बंधनकारक नाही. माहेरच्या नावाचा पासपोर्ट असेल तर व्हिजा, तिकीट आणि विमा त्याच नावाने, एकही अक्षर इकडेतिकडे न करता काढा. व्हिजा पासपोर्टच्या क्रमांकाला जोडलेला असतो, त्यामुळे मध्येच नवा पासपोर्ट काढला तर तो नव्या पासपोर्टवर हलवून घेण्याचं काम वाढतं. नाव बदलायचंच असेल तर परत आल्यावर बदला. लग्नाची नोंदणी मात्र लांबवू नका. महाराष्ट्रात तिला तीन साक्षीदार लागतात आणि लग्नाला जमलेली जवळची माणसं पांगण्याआधी ते सहज मिळतात.

मुंबईहून न्यूझीलंडला थेट विमान नाही. सिंगापूरमार्गे गेलात तर पुढचं विमान थेट क्राइस्टचर्चला, म्हणजे दक्षिण बेटावरच उतरवतं. या आखणीला तोच मार्ग सोयीचा. सिडनी किंवा मेलबर्नमार्गे तिकीट स्वस्त दिसलं तर एक गोष्ट आधी तपासा : भारतीय पासपोर्टवर ऑस्ट्रेलियात नुसतं विमान बदलायलाही वेगळा ट्रान्झिट व्हिजा लागतो. त्याला पैसे पडत नाहीत, पण तो नसेल तर मुंबईतच विमानात चढू देत नाहीत. जाताना क्राइस्टचर्चला उतरायचं आणि परतताना क्वीन्सटाउनहून निघायचं असं तिकीट काढा. आलेल्या रस्त्याने उलटं जाण्याचा एक दिवस त्यामुळे वाचतो. गाडी दुसऱ्या गावी सोडण्याचे थोडे जास्त पैसे पडतात, पण ते द्यावेत.

आता मुक्काम. पहिल्या दोन रात्री क्राइस्टचर्च. इथे फार काही बघायचं नाही. बागेत फिरा, एव्हन नदीच्या काठी बसा, झोप पुरी करा. उन्हाळ्यात तिथलं घड्याळ आपल्यापेक्षा साडेसात तास पुढे असतं आणि शरीराला ते पचवायला वेळ लागतो. पहिल्या दिवशी गाडी ताब्यात घेऊच नका. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी किंवा तिसऱ्या दिवशी सकाळी घ्या.

पुढच्या तीन रात्री टेकापो. क्राइस्टचर्चहून सुमारे सव्वादोनशे किलोमीटर, तीन तासांचा रस्ता. हिमनदीने दगड दळून केलेलं बारीक पीठ पाण्यात तरंगत राहतं, त्यामुळे या तळ्याला दुधाळ निळा रंग आला आहे. काठावर 1935 चं छोटं दगडी चर्च आहे. नोव्हेंबरच्या मध्यापासून डिसेंबरभर जांभळ्या-गुलाबी ल्युपिनचे ताटवे दिसतात. तिथला संवर्धन विभाग मात्र या परक्या झाडाकडे तण म्हणूनच बघतो, तेव्हा त्याचं बी खिशात घालून आणू नका.

टेकापोला तीन रात्री मुद्दाम धरल्या आहेत, त्या आकाशासाठी. हा भाग 2012 पासून जाहीर झालेलं अंधाऱ्या आकाशाचं राखीव क्षेत्र आहे आणि गावातले दिवेही जमिनीकडे तोंड केलेले असतात. तारखा ठरवताना कालनिर्णय समोर घ्या आणि टेकापोच्या रात्री अमावास्येच्या आसपास येतील असं बघा. आखणीतली ही सर्वांत मोलाची युक्ती आहे आणि तिला एक पैसाही लागत नाही. आपल्याकडे दक्षिणेला खाली, क्षितिजाजवळ दिसणारा अगस्त्य इथे जवळजवळ डोक्यावर येतो आणि कधीच मावळत नाही. मृग नक्षत्र उत्तरेला, उलटं उभं दिसतं. मॅगेलनचे दोन मेघ नुसत्या डोळ्यांनी दिसतात. जानेवारीत सूर्य साडेनऊच्या सुमारास मावळतो, त्यामुळे खरा काळोख अकरानंतरच होतो. दुपारी झोप काढा आणि रात्री स्वेटर, टोपी घालून बाहेर पडा. उन्हाळ्यातही तिथली रात्र गार असते. एक दिवस सुमारे 105 किलोमीटरवरच्या आओराकी माउंट कुकसाठी ठेवा. 3724 मीटरचं हे शिखर देशात सर्वांत उंच आहे आणि पुष्कळदा ढगांत असतं. तीन रात्री हाताशी असल्या की स्वच्छ सकाळ बघून जाता येतं. पायवाटांपैकी कोणती चालू आणि कोणती बंद हे आदल्या रात्री संवर्धन विभागाच्या संकेतस्थळावर बघून घ्या.

नंतर लिंडिस खिंडीतून क्वीन्सटाउन, तीन रात्री. याच्याजवळच्या कावाराऊ पुलावर 1988 मध्ये जगातली पहिली व्यावसायिक बंजी उडी सुरू झाली. उंची 43 मीटर. दोघांपैकी एकाला उडी मारायची असेल आणि दुसऱ्याला नको असेल तर आग्रह करू नये. काठावरून बघण्यातही मजा आहे.

क्वीन्सटाउनहून पुढे ‘ते अनाऊ’ (Te Anau) या गावी, दोन रात्री. मिलफर्ड साउंड बघण्यासाठी हा मुक्काम हवाच. क्वीन्सटाउनहून एका दिवसात जाऊन-येऊन मिलफर्ड करतात, पण ते जाण्याचेच जवळजवळ चार तास आणि येण्याचे तेवढेच. ते अनाऊहून अंतर 118 किलोमीटर राहतं. वाटेत थांबण्यासारखी ठिकाणं इतकी आहेत की दोन तासांच्या रस्त्याला चार तास धरा. निघताना टाकी भरून घ्या. वाटेत मोबाइलला रेंज नसते, तेव्हा नकाशा आधीच उतरवून ठेवा. मे ते नोव्हेंबरमध्ये गेलात तर चाकांच्या साखळ्या बाळगाव्या लागतात. आणि पाऊस पडतोय म्हणून बोटीची फेरी रद्द करू नका! इथे वर्षाला साडेसहा हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, आपल्या आंबोलीच्या तोडीचा, आणि पावसातच कड्यांवरून शेकडो तात्पुरते धबधबे कोसळू लागतात. कोरड्या दिवशी त्यातले मोजकेच उरतात. चावऱ्या बारीक माश्यांसाठी मलम मात्र जवळ असू द्या.

अकरावी रात्र पुन्हा क्वीन्सटाउनला. डोंगरांनी वेढलेल्या या विमानतळावर हवा बिघडली की विमानं उशिरा सुटतात. म्हणून पुढचं आंतरराष्ट्रीय विमान वेगळ्या तिकिटावर असेल तर मधली फट घट्ट ठेवू नका. ऑकलंडला एक रात्र काढावी लागली तरी चालेल.

गाडी चालवायला आपल्या माणसांना फार अडचण येत नाही, कारण तिथेही डावीकडूनच चालवतात. परवान्यावरचा मजकूर इंग्रजीत असेल तर तो चालतो. नसेल तर निघण्यापूर्वी आरटीओतून आंतरराष्ट्रीय परवाना काढा. करारात दोघांचीही नावं चालक म्हणून घाला. दोघांना आळीपाळीने चालवता आलं की बाहेर बघायची पाळीही दोघांना मिळते. गावाबाहेर कमाल वेग ताशी 100 किलोमीटर असला तरी वळणांवर तो झेपत नाही. गोल चौकात उजवीकडून येणाऱ्याला वाट द्यायची. एकपदरी पूल पुष्कळ लागतात. तिथे तुमच्या दिशेचा बाण लाल आणि लहान असेल तर थांबायचं, समोरच्याला आधी जाऊ द्यायचं. अनामत रक्कम चालकाच्या नावाच्या क्रेडिट कार्डावर अडकवून ठेवतात, तेव्हा कार्डाची मर्यादा आधी वाढवून घ्या.

बॅग भरताना सर्वांत जास्त काळजी खाण्याच्या डब्यांची घ्या. लग्नघरातून निघताना आई, सासूबाई, मावशी प्रेमाने काही ना काही बांधून देतात. न्यूझीलंडमध्ये शेती आणि जंगल जपण्यासाठी बाहेरून येणाऱ्या अन्नाची कडक तपासणी होते. मध चालत नाही. ताजी फळं, फुलं, बिया, रोपं नेऊ नका. ओटीतला नारळ, सुपारी, हळकुंडं, अक्षतांचे तांदूळ, तुपातले लाडू घरीच ठेवा. पर्समध्ये राहून गेलेल्या अक्षता, गजरा, प्रसादाचं फळ निघण्याआधी आठवणीने काढा. जे न्याल ते सगळं प्रवासी घोषणापत्रात लिहा. हे घोषणापत्र मोफत असतं आणि निघण्याच्या आदल्या दिवशी ऑनलाइन भरता येतं. लिहिलेली वस्तू फार तर काढून घेतात. न लिहिलेली सापडली तर जागच्या जागी 400 डॉलर दंड होतो. ट्रेकिंगचे बूटही घासूनपुसून न्या, तळव्याला माती नको, आणि त्यांची नोंद करा.

म्हणून जेवणाची सोय तिकडेच लावा. मोटेलमध्ये छोटं स्वयंपाकघर असलेली खोली घ्या. तांदूळ, डाळ, दही, भाजी, ब्रेड सुपरमार्केटमध्ये मिळतं. छोट्या गावांत हॉटेलांची स्वयंपाकघरं रात्री आठ-साडेआठलाच बंद होतात, त्यामुळे टेकापो आणि ते अनाऊला ही सोय फार उपयोगी पडते. शाकाहारी माणसांना तर पडतेच. दोघांनी मिळून केलेली खिचडी आणि समोर तळं, यापेक्षा चांगलं जेवण मला सुचत नाही.

निघण्याआधी डॉक्टरांकडे दोघांनी एकत्र जा. मूल कधी हवं, नको हे बोलून त्याप्रमाणे गर्भनिरोधनाचा सल्ला घ्या. नव्या लग्नात मुलींना लघवीच्या जंतुसंसर्गाचा त्रास होणं नेहमीचं आहे. त्याची लक्षणं आणि औषधं विचारून घ्या, संकोच करू नका. तिकडे बहुतेक प्रतिजैविकं चिठ्ठीशिवाय मिळत नाहीत. सगळी औषधं मूळ पाकिटात आणि चिठ्ठीसह न्या. अपघातातल्या दुखापतीवरच्या उपचारांना तिथली सरकारी योजना पर्यटकांनाही मदत करते, पण आजारपणाला करत नाही. म्हणून विमा घ्यायलाच हवा. उन्हात अतिनील किरणं तीव्र असतात, ढगाळ दिवशीही सनस्क्रीन लावा.

पैशांचा हिशेबही आधी एकत्र मांडा : विमान, राहणं, गाडी, जेवण, आणि दोन हौसेच्या गोष्टी, प्रत्येकाची एक. तयार पॅकेज घेतलंत तर बिलात टीसीएस हा आगाऊ कर लागतो. तो विवरणपत्र भरताना वळता करून घेता येतो, तेव्हा पावती जपून ठेवा.

राहिलं घरच्यांशी बोलणं. तिकडे रात्रीचे नऊ वाजतात तेव्हा पुण्यात दुपारचे दीड वाजलेले असतात. दर दोन दिवसांनी याच वेळेला फोन करू, मधे रेंज नसली तर काळजी करू नका, असं दोन्ही घरी सांगा आणि मुक्कामांचे पत्ते, विम्याचा क्रमांक, विमानांच्या वेळा लिहिलेला कागद दोन्हीकडे ठेवा. परतल्यानंतर ऑफिसला जाण्यापूर्वी दोन दिवसांची रजा आत्ताच टाका.