बाल्कनीतून कृत्तिका

पुण्याच्या बाल्कनीतून तेजोमेघांचा नाद सोडा. तारकागुच्छ मात्र जमतात. तेजोमेघाचा पसरट उजेड शहराच्या झगमगाटात विरून जातो, तारा ठिपकाच राहतो आणि उजळ आकाशातही टिकतो. बाल्कनी पूर्वेची असेल तर कृत्तिकांपासून सुरुवात करा.

दिवस निवडा कार्तिक अमावास्येच्या आसपासचा. दिवाळीचा धूर तोवर निवळतो. कार्तिकी पौर्णिमेला चंद्र कृत्तिकांच्याच शेजारी असतो, तेव्हा ती रात्र बाद. नोव्हेंबरअखेर रात्री आठला त्या पूर्वेला, किंचित उत्तरेकडे, साधारण ३७ अंशांवर असतात आणि साडेनऊला ५८ अंशांवर. पुढे वरच्या मजल्याचा स्लॅब आडवा येतो. दीड तासच हातात आहे, म्हणून कॅमेरा आधीच लावून ठेवा.

दोरीवरचे कपडे काढा, घरातले दिवे बंद करा. ट्रायपॉड फरशीवर, पाय पूर्ण न उघडता. कठड्याला टेकवू नका. एसीचं बाहेरचं युनिट चालू असेल तर बंद करा, त्याची थरथर फोटोत उतरते.

५० मिलिमीटरची साधी लेन्स पुरते, अ‍ॅपर्चर २.८, आयएसओ ८००, फॉरमॅट रॉ. फोकसला घाई नको. ऑटोफोकस बंद करून रोहिणीचा तारा स्क्रीनवर दहापट मोठा करा आणि रिंग केसभर फिरवत राहा. ठिपका लहान होत जातो, मग पुन्हा फुगतो. सगळ्यात बारीक होता तिथे परत या आणि रिंगवर चिकटपट्टी लावा.

क्रॉप सेन्सरवर एक्स्पोजर ३ सेकंदांचं. जास्त ठेवलं तर तारे तांदळाच्या दाण्यासारखे लांबट येतात. इंटरव्हलोमीटरने २०० फोटो घ्या. म्हणजे प्रकाश अवघा १० मिनिटांचा. तेवढ्यात आकाश अडीच अंश सरकतं, फ्रेममध्ये तितकी जागा सोडा. शेवटी लेन्सला झाकण लावून, तीच सेटिंग्ज ठेवून २० फोटो काढा.

सगळे फोटो सिरिल या मोफत सॉफ्टवेअरमध्ये एकावर एक रचले की खरखर बसते. मग बॅकग्राउंड एक्स्ट्रॅक्शनने रस्त्यावरच्या एलईडींचा उजेड वजा करा. पार्श्वभूमी पार काळी करायचा मोह आवरा, त्यात मंद तारे बुडतात. कृत्तिकांचा निळा रंग दिसला की थांबा.

दक्षिणेच्या बाल्कनीवाल्यांनी मे महिन्यात उत्तररात्री वृश्चिकाच्या नांगीजवळचा एम ७ धरावा. पुण्यातून तो ३७ अंशांवर चढत नाही, त्यामुळे स्लॅबचा प्रश्नच येत नाही.